पंगतीतला पेला

बुंदी तळायचा वास आला की मला आजही ती पंगत आठवते. देवळाच्या सभामंडपाला सरकारी निधी मिळणार होता आणि देऊळ सगळ्यांना खुलं आहे का, हे बघायला जुन्नरहून साहेब आले होते. मी देवस्थानचा अध्यक्ष. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून वाळीत टाकलेल्या शेतकऱ्याला त्या दिवसापुरतं आम्हीच पंगतीत पाणी वाढायला बोलावलं होतं. साहेब त्याच्या हातचं पाणी प्यायले. मग पेला माझ्यासमोर आला. प्यावं तर मागे उभे असलेले जातपंचायतीचे पंच उद्या माझंच घर वाळीत टाकणार, न प्यावं तर निधी गेला. "घ्या की अध्यक्ष," साहेब म्हणाले. "आज निर्जळी उपास हाय," मी पुटपुटलो. साहेबांनी त्यालाच विचारलं, "गावात काही त्रास?" मी पंचांकडे बघितलं. "न्हाई साहेब, समदे आपलेच हायेत." पेला उचलताना तो हळूच मला म्हणाला, "भिऊ नका भाऊ. फकस्त माझ्या धाकट्याला पोरांत खेळू द्या." मंडप उभा राहिला, पण त्याच्या धाकट्याला आम्ही त्यात कधी पाऊल ठेवू दिलं नाही. खरं ते आज लिहून टाकलं, तरी त्या शेतकऱ्याचं नाव लिहायचा धीर मला अजून होत नाही.