वेडीचं पाणी

चँडलर या अमेरिकन शहराच्या दक्षिणेला पूर्वी कापसाची आणि लसूणघासाची शेतं होती. आता तिथे एकाच रंगाची घरं उगवतात, आणि प्रत्येक घरामागे सिमेंटच्या विटांच्या भिंतींनी वेढलेला मातीचा एक उघडाबोडका तुकडा मिळतो. त्या तुकड्याचं काय करायचं, हे लोकांना सांगणं हा संघमित्रा रामटेकेचा धंदा. लँडस्केप डिझाइन शिकायला ती नागपूरहून आली, त्याला चौदा वर्षं झाली. लेक नेमकं काय करते हे तिच्या आईला अजून उमगलेलं नाही. “लोकांच्या अंगणात झाडं लावते,” असं ती शेजारणींना सांगते, आणि ते तसं बरोबरच आहे.

गिऱ्हाइकांत निम्मे आपलेच. भर वाळवंटात घर घेतात आणि मागे हिरवळ, दोन केळी, एक आंबा अशी यादी काढतात. संघमित्रा ती यादी त्यांच्या देखत खोडते. शहर वाढतंय, पाणी वाढत नाही, हे तिने इतक्यांना ऐकवलंय की लोक तिला फोन करण्याआधी थोडा धीर गोळा करतात. कामाच्या बाबतीत ती कुणाची भीड ठेवत नाही, अशी तिची ख्याती होती. तिला स्वतःलाही तसंच वाटायचं.

प्रितम गजभियेच्या घराचं काम आलं तेव्हा यादी काढणारा प्रितम नव्हता, त्याचे वडील होते. प्रितम कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, दिवसभर बाहेर. वडील ज्ञानदेव काका नागपुरात पाणीपुरवठ्याच्या खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. काकू गेल्यावर मुलाने त्यांना आग्रहाने आणलं, आणि तेही राहतो असं न म्हणता ‘बघतो’ म्हणून आले. त्यांच्या यादीत एकच गोष्ट होती: बोधीवृक्ष. संघमित्राला हे खोडणं जड गेलं, पण तिने खोडलं. पिंपळाची मुळं भिंत उचलतील, शेजाऱ्याच्या पोहण्याच्या तलावापर्यंत जातील, आणि त्याआधी थंडीत कोवळी पालवी करपेल. काकांनी वाद घातला नाही. तिने त्याऐवजी मेस्क्वीट या इथल्या काटेरी झाडाचं चित्र दाखवलं, तेव्हा मात्र ते चष्मा काढून बघत राहिले.

“अगं, ही तर वेडी बाभूळ,” ते म्हणाले, आणि मनापासून हसले. आपल्याकडे जी उपटून उपटून माणसं थकतात तिच्या सख्ख्या बहिणीला इथे नकाशात मानाची जागा मिळाली, याची त्यांना फार गंमत वाटली. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदाच हसले, असं प्रितमने नंतर तिला सांगितलं. झाडाचं नाव वेडीच पडलं.

वेडीला पाणी कसं द्यायचं हे संघमित्राने बसवून दिलं होतं. ठिबकच्या नळ्या खोडापासून लांब, पंधरा दिवसांतून एकदा, पण तासन्‌तास, म्हणजे ओल खोल उतरते आणि मुळं तिच्या मागे खाली जातात. महिन्याभराने ती बघायला गेली, तेव्हा काका सकाळची वंदना आटोपून बादली घेऊन आले आणि त्यांनी ती थेट खोडाशी रिकामी केली. तिने तोंड उघडलंच होतं.

“तुझी काकू विहारातल्या बोधीवृक्षाला रोज पाणी घालायची,” काका म्हणाले. “कर्मकांड नाही हां हे. तिची सवय होती, आता माझी आहे.”

संघमित्राने तोंड मिटलं. वडिलांच्या वयाचा माणूस, बायकोच्या आठवणीने घातलेलं पाणी, त्यात चूक काय काढायची? पुढच्या वेळी सांगू, असं तिने ठरवलं. पुढच्या वेळी काकांनी तिला चहा पाजला आणि तिच्या आईची चौकशी केली. त्याच्या पुढच्या वेळी झाड भिंतीच्या वर गेलेलं होतं. इतकं भराभर वाढलेलं मेस्क्वीट तिने पाहिलं नव्हतं, आणि असं का वाढतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरीही तिने फोटो काढला आणि आपल्या वेबसाइटवर पहिल्या पानावर लावला. दुसऱ्या कुणाचं अंगण असतं तर मालकाला तिने फैलावर घेतलं असतं.

तिसऱ्या वर्षी जुलैत, एका संध्याकाळी धुळीची भिंत शहरावर चालून आली, दहा मिनिटं वारा पिसाळला आणि वेडी आडवी झाली. सकाळी प्रितमचा फोन. “झाड गेलं यार. बाबा म्हणतात तिकीट काढ. म्हणतात, इथे माझ्या हाताने काही जगत नाही.”

ती पोचली तेव्हा काका झाडाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उपटून वर आलेली मुळं तीन वर्षांपूर्वी रोप ज्या कुंडीतून आलं तिच्याएवढीच होती, तीही गोल गोल गुंडाळलेली. लांब जायची त्यांना गरजच पडली नव्हती. मागे उभा राहून प्रितम वाऱ्याला दोष देत होता. तिने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. कुणी काही विचारलं नसतं, काका दुखावले नसते, आणि आठवड्याभरात विमानात बसले असते.

“काका, वाऱ्याने नाही पडलं,” ती म्हणाली. “रोज खोडाशी पाणी मिळालं म्हणून मुळं खाली गेलीच नाहीत. मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. मी बोलले नाही.”

काकांनी वाकून गुंडाळलेलं एक मूळ हातात धरून पाहिलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा असा राग तिने आधी कधी पाहिला नव्हता.

“काहून?”

“तुम्हाला कसं सांगायचं, असं वाटलं.”

“चौतीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढली मी. अर्ध्या शहराचे व्हॉल्व्ह या हातांनी फिरवले. दुसरं काही नसतं समजलं, पाण्याचं समजलं असतं. तू मला सांगायच्या लायकीचाही नाही समजलीस?”

संघमित्राला रडू आलं. आपण मान राखतोय, असं ती तीन वर्षं समजत होती, आणि खरं म्हणजे तिने या माणसाला मोडीत काढलं होतं. तिने हे असंच सांगून माफी मागितली. काकांनी ती मान्य केली की नाही ते कळलं नाही. नव्या झाडाला पाणी नेमकं किती लांब द्यायचं, एवढंच त्यांनी विचारलं. तिने बुटाच्या टाचेने खडीत एक रेघ ओढली. ही यंदाची, म्हणाली, दर वर्षी पुढे सरकवायची. काकांनी मनाशी काही हिशेब केला, मग प्रितमला हाक मारून तिकिटाचं राहू दे म्हणाले.

ऑक्टोबरात नवं रोप लागलं, गुडघ्याएवढं. वेडीचा फोटो वेबसाइटवरून संघमित्राने कधीच उतरवला होता. माती दाबून झाली तसे काका सवयीने बादली घेऊन आले, नेमके खोडापाशी थांबले, बादली तिरकी केली आणि तिच्याकडे बघत तशीच धरून ठेवली.

“तिथे नाही, काका,” ती म्हणाली.

“हां,” काका म्हणाले, आणि एक पाऊल मागे जाऊन त्यांनी रेघेवर पाणी ओतलं.