मैला का पत्थर

आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस साता समुद्रापलीकडे आहे आणि आमचा सोलरचा प्लांट बुऱ्हाणपूरहून तापीपलीकडे, जैनाबादच्याही पुढे. तिकडच्या ऑफिसातून दरवर्षी एक पीपीटी यायची. नफा किती वाढला, माणसं किती वाढली आणि पृथ्वी किती वाचली, एवढंच त्यात असायचं. कंट्रोल रूममध्ये बसून आम्ही ती बघायचो आणि शेवटी टाळ्या वाजवायचो. समोसे टाळ्यांनंतर मिळायचे.

एका वर्षी माणसांच्या पानावर माझाच फोटो आला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे पॅनलच्या ओळी आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, की कंपनीत महिलांचा टक्का वाढला. आमच्या प्लांटवर बाई म्हणून मी एकटीच, म्हणजे तो टक्का मीच. मी रजा घेतली की टक्का लोधीपुऱ्यातल्या घरी बसून भाकरी थापायचा. सासूबाईंनी तो फोटो गल्लीभर दाखवला, आणि मीही वरवर 'अहो, पुरे' म्हणत दाखवू दिला.

आता या टक्क्याने जायचं कुठे, हे मात्र कुठल्याच पानावर नव्हतं. सरळच सांगते, प्लांटवर बायकांसाठी संडास नव्हता. पुरुषांसाठी मागे पत्रे ठोकून आडोसा केलेला. मी कुंपणाबाहेरच्या केळीच्या बागेत जायचे. बागेच्या मालकीण काकू भल्या बाई. "ये माय, एवढ्या केळीत तुले कोन पाह्यते?" म्हणायच्या. पण रोज उठून कुणाच्या शेतात जायचं म्हणजे जीव अर्धा होतो हो. मग मी पाणीच सोडलं. घरून निघताना एक घोट, पुढचा घोट घरी पोचल्यावर. इकडे टँकर येऊन पॅनल धुऊन जायचे. पीपीटीत 'पाण्याची बचत' आली की मनात म्हणायचे, अरे वा, यात आमचाही हातभार आहे!

व्हायचं तेच झालं. लघवीला आग, थंडी वाजून ताप. डॉक्टरीणबाईंनी चांगलंच झापलं. पुन्हा तसंच झालं तेव्हा म्हणाल्या, पाणी प्या, नाहीतर नोकरी सोडा. सासूबाईंनी तेवढंच धरलं. "किडनी गेली तर तुझी कंपनी दुसरी बसवून देणार आहे का?"

मला नोकरी सोडायची नव्हती. डिप्लोमा करून घरी बसलेल्या माझ्या वर्गातल्या पोरी मी पाहत होते. स्क्रीनवर एखादा इन्व्हर्टर लाल झाला की तो का झाला हे मला पटकन कळायचं, आणि कळलं की इतकं बरं वाटायचं की काय सांगू. ते सोडायचं, आणि तेही या कारणासाठी? तळपायाची आग मस्तकात जायची.

साहेब आमचे पुण्याचे. माणूस वाईट नाही, पण सगळं पुढे ढकलणारा. "सर, टॉयलेटचं काय झालं?" म्हटलं की, "नोट केलंय मॅडम. पुढच्या क्वार्टरला बघू." क्वार्टर यायचे, जायचे. आणि एक दिवस पाहते तर काय, काकूंची केळी कापून झालेली! घड भरून ट्रक गेले, मागून खोडंही गेली. कुंपणापासून थेट रस्त्यापर्यंत नुसतं उघडं रान. मी तिथेच उभी राहून रडले. घरी जाऊन सासूबाईंना म्हटलं, एवढा महिना जाऊ द्या, मग राजीनामा देते.

त्याच सुमारास वरून हुकूम आला. मुख्य ऑफिसच्या मोठ्या मॅडम येणार, तर कंपनीचे वर्षभराचे तीन टप्पे, म्हणजे नफा, माणसं आणि पृथ्वी, म्हणून प्रत्येक प्लांटने गेटपाशी तीन मैलाचे दगड बसवावेत. साहेबांनी शनवाऱ्यात राहणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला. साहेबांची हिंदी म्हणजे मराठीतल्या 'चा'चा 'का' केला की झालं.

"मिस्त्री, मैला का पत्थर लगाना है. तीन. फर्स्ट क्लास होना. विदेश से मॅडम आ रही है, उसके पास फोटो निकालेगी."

 पलीकडून मिस्त्रीने काहीतरी विचारलं असावं.

"हां हां, मैला का! ऊपर से पीला रंग देना, नंबर डालना. जगह इधर की मॅडम दिखाएगी."

एवढं बोलून साहेब मीटिंगसाठी हैदराबादला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हजर. सोबत विटा, वाळू, सिमेंट आणि भलत्याच विचारात पडलेला चेहरा. "मॅडमजी, तीन पत्थर बोले साहब, मतलब तीन खाने की टंकी ना? मैले की टंकी किधर बनाऊं?"

तो संडासाची तीन कप्प्यांची टाकी बांधायला आलाय, हे मला कळायला क्षणभर लागला. हिंदीत 'मील का पत्थर' असतो. 'मैला' म्हणजे बुऱ्हाणपुरात लहान पोरालाही ठाऊक आहे काय ते. आता त्याला समजावून सांगणं माझं काम होतं, हे मला मान्य आहे. पण साहेब म्हणाले होते, जागा मॅडम दाखवतील. मी जागा दाखवली. कंट्रोल रूमच्या मागे, सावलीला.

"और टंकी के ऊपर?" त्याने विचारलं.

"टंकी के ऊपर क्या होता है, भैया?"

"लॅट्रिन."

"बस, तो वही."

मिस्त्री कामाचा पक्का. चार भिंती, दार, आतून कडी, नळ, आणि मागे टाकीवर तीन फरश्या. हुकमाप्रमाणे त्या पिवळ्या रंगवून त्यावर एक, दोन, तीन घातले. "मैले के पत्थर को पीला रंग," ब्रश धुताना तो म्हणाला, "साहब का दिमाग बहुत बारीक है."

साहेब परतले ते मोठ्या मॅडमच्याच गाडीतून, इंदूरहून घाट उतरून. गेटपाशी दगड दिसेनात. मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मैलाचे दगड कुठायत?" मी बोटाने मागे दाखवलं. ते गेले, पाहिलं, आणि तोंडाचा रंग फरशीसारखा पिवळा करून परत आले. "हे काय करून ठेवलंय? माझी नोकरी जाईल!"

"तुम्हीच सांगितलंत सर, मैला का पत्थर."

ते पुढे काय म्हणणार होते देव जाणे. तेवढ्यात मोठ्या मॅडम गाडीतून उतरून थेट माझ्याकडे आल्या. सगळ्या माणसांत बाई मीच ना. घाईघाईने, हळू आवाजात त्यांनी विचारलं ते मला पहिल्याच शब्दाला समजलं. मी त्यांना मागे नेलं. आतून कडी लागली, आणि बाहेर साहेब देवाचं नाव घेत उभे राहिले.

बाहेर आल्या तेव्हा बाईंचा चेहरा उजळलेला. त्यांनी नवं सिमेंट पाहिलं, मग मला विचारलं, याआधी कुठे जायचीस?

मी मोकळ्या रानाकडे हात केला. "तिथे. केळी होती तोवर."

साहेबांनी लगेच इंग्रजीत समजावलं, की आधीची व्यवस्था नैसर्गिक आणि पर्यावरणपूरक होती. तेवढं इंग्रजी मला येतं. बाईंनी त्या रानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, यंदाचा फोटो इथेच काढायचा. आम्ही तिघं त्या तीन फरश्यांवर उभे राहिलो. साहेब एक नंबरवर, नफ्याच्या.

समोसे आले, भाषणं झाली. मी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, साहेबांच्या समोर उभी राहिले आणि सगळ्यांच्या देखत ती बाटली शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.