एक तरी मादी

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तात्यांकडे बुटक्या सिक्लिड माशांची एकच जोडी होती. तसली पुन्हा मिळणार नव्हती. टाकीतल्या मडक्यात मादीनं अंडी घातली, पिल्लं पोहायला लागली आणि ती मेली. आता वंश चालायचा तर पिल्लांत एक तरी मादी हवी होती. पोरकी पिल्लं गारठतील म्हणून तात्यांनी टाकीचा हीटर वाढवून ठेवला आणि त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. चार महिन्यांनी रंग फुटले. सत्तावीसच्या सत्तावीस नर!

माशांचा दुकानदार म्हणाला, "पाणी फार गरम ठेवलं की नरच होतात, तात्या."

"हे आधी सांगायला जीभ झडली होती का?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

तात्यांनी चरफडत हीटर उतरवला. टाकीत आईच्या रिकाम्या मडक्यासाठी सत्तावीस भाऊ भांडत होते.