आबांच्या कोपरांवरचे डाग

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी सांगलीत नोकरीला होते. मेढ्याजवळच्या आमच्या घरी त्यांच्यापाशी भावाची मुलगी असायची. ती साताऱ्याला जपानी शिकत होती. जपानमधल्या वृद्धाश्रमांत म्हणे आपल्या मुलींना काम मिळतं. मी दर रविवारी जायची.

एका रविवारी आबांचं अंग पुसताना दोन्ही कोपरांवर काळेनिळे डाग दिसले.

"खाटंला लागलं," आबा म्हणाले. भाचीही तेच म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

पुढच्या रविवारी गुडघा सोललेला. शेजारीण हळूच म्हणाली, "दुपारी दार लावून घेती पोरगी. आतनं आबा कन्हत्यात." परतताना एसटीत माझ्या डोक्यात एकच: हिला परदेशी जायची घाई, आणि म्हातारा पायात अडकलाय.

बुधवारी रजा टाकून न सांगता गेले. दार आतून बंद. आत धप्पकन काहीतरी पडलं, मग भाचीचा आवाज आला, "इजी, आबा! इजी!"

म्हातारा पडलाय आणि ही त्याला 'सोपं आहे' म्हणतेय? मी मागच्या दारानं आत घुसले. आबा जमिनीवर पालथे. ती हातभर अंतरावर, हात पाठीमागे बांधून उभी. तिला बाजूला ढकलून मी आबांना उचलायला वाकले.

"हात लावू नगंस!" आबा ओरडले. "मीच सांगितलंय तिला. लेकी-नातींनी मला संडासला न्यायचं, ह्ये मला न्हाई चालत."

कोपरांवर सरकत ते खिडकीशी गेले. गज धरला. दोनदा घसरले, तिसऱ्यांदा थरथरत उभे राहिले. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस. मी नजर वळवली.

जपानीत 'इजी' म्हणजे हट्ट, मनाचा आतला जोर, असं भाचीनं सांगितलं. आबांना तो शब्द भारी आवडला होता. "तू बघितलं असतंस तर बंद पाडलं असतंस, आत्या." पाडलंच असतं. तरीही त्या दिवशी मी तिची माफी मागितली नाही.

दोन महिन्यांनी आबा वॉकर धरून एकटे संडासला जाऊ लागले. भाची जपानला गेल्यावर व्हिडिओ कॉलवर मी संशय घेतल्याची एकदाची माफी मागितली.

ती म्हणाली, "मला पन लय भ्या वाटायचं गं. हाड मोडलं असतं तर तुझंच खरं झालं असतं."