दरीवरचं बोंड

बाहेर नवरा ऑटोवाल्याला थोपवून धरत होता आणि घरात अब्बा जमिनीवर दरी पसरून सुईत दोरा ओवत बसले होते. मी आर्णी सोडली ती अशी. एसटी चुकणार म्हणून अम्मी कावली होती, पण अब्बा काही हलेनात.

आमचं घर विणकरांचं. पणजोबांनी हातमागावर विणलेली ती निळी-लाल दरी घरातल्या लेकींची. लेक सासरी निघाली की तिनं एक खूण सांगायची आणि बापानं ती काठावर भरून द्यायची. दरी मात्र माहेरीच राहायची. लेक आली की तिच्यासाठी अंथरायची, दुसऱ्या कुणी त्यावर टेकायचं नाही. मोठ्या फुप्पीनं, अब्बांच्या बहिणीनं, कंगवा मागितला होता, संसारात गुंता होऊ नये म्हणून. धाकटीची सुरई, पाणी कमी पडू नये म्हणून. आणि पणजोबांच्या लेकीचा मोर मान वळवून मागं बघत होता. त्याचा अर्थ तुम्हा सासुरवाशिणींना मी काय सांगू!

मी बोंड मागितलं. अब्बा हसले. "सगळ्या मोर-सुरई मांगतात अन् तू बोंड मांगते? कापसाले आता कुत्रं विचारत नाही, पोट्टे!"

खरंच होतं ते. कापसाच्या गाड्या बाजारात तीन-तीन दिवस उभ्या राहायच्या. कापूस मातीमोल आणि सूत मात्र महाग, हे गौडबंगाल आम्हाला कधीच कळलं नाही. अब्बांचा माग त्यातच बंद पडला. पण मी हट्ट सोडला नाही. बोंडाची एक पाकळी वाकडी आली, तर म्हणाले, "राहू दे, तुह्यासारखीच हाय. आता या घरात तुही जागा पक्की. कोणाच्या बापाले हलवता येत नाही."

मी मूर्ख. मला ते खरं वाटलं.

पुण्यात नवरा गॅरेजला लागला आणि मी जुने गालिचे रफू करणाऱ्या दुकानात. दर ईदला आर्णीला जायची. पहिल्या ईदला दरी अंथरली होती. पुढच्या वर्षापासून अब्बा म्हणायला लागले, "कसर लागून राह्यली बेटा, पेटीत ठेवली. तू चटईवर बस." मग मी पुण्याहून डांबरगोळ्या न्यायला लागले. आठवणीनं, दर खेपेला. अब्बा त्या हातात घेत, "बरं केलं" म्हणत आणि आत ठेवून येत.

सात वर्षांनी मालकीणबाईंनी एक दरी माझ्यापुढं टाकली. "अँटिक पीस आहे, नीट कर. मोटिफ बघ, हे डोंगर म्हणजे स्थैर्य." डोंगर कसले, फुप्पीचा कंगवा होता तो! ती असती तर तोच फेकून मारला असता तिनं. पण मला हसू फुटेना. कंगव्याशेजारी माझं बोंड होतं, वाकड्या पाकळीसकट.

"हे पांढरं तेवढं उसवून टाक," बाई म्हणाल्या. "मागाहून कुणीतरी केलंय. पीसची व्हॅल्यू जाते."

मी जिन्यात जाऊन फोन लावला. दरी इथं कशी आली, विचारलं. अब्बा म्हणाले, "रफीकच्या मोबाईलच्या दुकानासाठी इकली. तुले सांगतलं असतं तर तू रडली असती."

"मग माह्या डांबरगोळ्या कायले घेत होते?"

"तू इतक्या दुरून आणत होती. नाही कसं म्हणू?"

बाप्पा रे! विकली याचा राग नाही मला. विचारलं असतं तर मीच घडी घालून दिली असती. धाकटा भाऊ आहे माझा, त्याचं दुकान मलाही हवंच होतं. पण रिकाम्या पेटीसाठी माझ्याकडून गोळ्या घेत राहिले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि सगळ्या घराला ठाऊक होतं, अम्मीलासुद्धा.

तरी मी विचारलं, "अब्बा, बाई बोंड उसवायले सांगून राह्यल्या. उसवू?" नको म्हणा, एवढंच मागत होते मी. नोकरी गेली तरी चाललं असतं.

"उसव ना. एका बोंडानं काय होते?"

उसवलं. एकेक टाका मीच कापला. खालचा निळा रंग अजून नव्यासारखा होता, ऊन-धूळ काही लागलेलं नव्हतं. आता ती जागा उलट उठून दिसते म्हणून बाई माझ्यावरच चिडल्या.

तुमच्यातल्या ज्या तिकडं आर्णीकडंच राहिल्या त्या म्हणतील, एवढ्याशा दरीवरून बापाशी अबोला? अबोला नाही धरलेला. फोन येतात, मी तब्येत विचारते, औषधं पाठवते. परवा भाकऱ्या थापत होते तेव्हा अब्बांचा फोन आला. म्हणाले, "घरी कधी येशीन बेटा?"

"घरीच हाय मी, अब्बा," मी म्हटलं. "बोला, काय काम होतं?"