मुदतरावांचं लॅच

खरं नाव त्यांच्या बायकोला आणि बँकेला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना मुदतराव म्हणत. घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार खिडकीमागे त्यांनी अख्खी नोकरी काढली, आणि वॉरंटीच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुदत संपलेल्या माणसाला परत पाठवणं कुणालाही जमतं. मुदतराव मुदत शिल्लक असलेल्यांनाही परत पाठवत. कुणी बापडा म्हणायचा, "मशीन कधी कधी बंद पडतं." मुदतराव चष्म्यावरून बघत विचारायचे, "कधी कधी म्हणजे नेमकं कधी? आत्ता बंद आहे का? नाही ना? मग आत्ता ते चांगलं आहे. पुरतं बंद पडलं की या." माणूस मशीन काखोटीला मारून घरी जायचा, आणि ते पुरतं बंद पडेपर्यंत वॉरंटी उलटून गेलेली असायची. यात आपण काही वाईट करतो असं मुदतरावांच्या मनालाही शिवत नसे. ते याला शास्त्र म्हणायचे.

मग कंपनीने एक दिवस त्यांनाही फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं, आणि घरी त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. लेक लग्न होऊन दूर गेलेली. ती फोन करायची आणि दुसऱ्याच वाक्यात विचारायची, "बाबा, आई आहे का जवळ?" गळका नळ, विजेचं बिल, गच्चीवरची टाकी, सगळं बायको वर्षानुवर्षं एकहाती बघत आलेली. मुदतराव मदतीला उठले की ती म्हणायची, "तुम्ही बसा हो." मुदतराव बसायचे. बसून बसून त्यांचं बोलणं आटलं, जेवण निम्म्यावर आलं, आणि पेपरातल्या लहान जाहिरातीसुद्धा ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लागले.

अशात दाराचं नवंकोरं लॅच अडायला लागलं. आतून असो की बाहेरून, कधी किल्ली फिरायची, कधी नाही.

"अहो, वॉरंटीत आहे. देऊन टाका तक्रार," बायको म्हणाली.

मुदतरावांना तिची कीव आली. "अगं, कधी कधी अडतं म्हणून गेलो तर खिडकीमागचा माणूस काय म्हणेल, ते मला विचार. मी त्याच्या जागी असतो तर मला उभंसुद्धा केलं नसतं. पुरतं बिघडू दे. मग बघ, कसा नवं घेऊन येतो ते."

जगाला ज्या खड्ड्यात ढकललं त्यात हा माणूस असा आपल्या पायांनी, छाती पुढे काढून उतरला. लॅचही पक्कं होतं, पुरतं बिघडेना. दरम्यान मुदतरावांनी त्याची एक युक्ती शोधून काढली. मूठ वर उचलायची, खालच्या फळीला गुडघ्याने रेटा द्यायचा, किल्ली अर्धी फिरवून मागे घ्यायची आणि मग एका दमात पूर्ण. बायकोने करून पाहिलं, तिला जमेना. "तुमच्यासारखा हात नाही बाई माझा," म्हणत तिने किल्ली त्यांच्या हातात दिली.

झालं! मुदतराव पुन्हा कामावर रुजू झाले. बाहेर जायचं असलं की बायको हाक मारायची, "अहो, दार!" परत आली की बेल वाजवून बाहेर ताटकळत उभी राहायची. मुदतराव तोंडाला साबणाचा फेस असतानाही धावत यायचे. शेजारच्या बाईंना त्यांनी युक्ती समजावून सांगितली, त्यांना ऐकायची नव्हती तरी. बायकोची कुचंबणा नको म्हणून त्यांनी संध्याकाळचं फिरणं सोडलं, आणि आपण हे सोडलं हे रोज संध्याकाळी तिला सांगितलं. जेवणही सुधारलं. वॉरंटी संपली तो दिवस त्यांच्या बरोबर लक्षात होता. त्या दिवशी त्यांना चक्क हायसं वाटलं. आता हे लॅच आपल्याकडून कुणी नेऊ शकत नव्हतं.

मग डोळ्याचं निघालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागेल म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आणि नंतर काही आठवडे वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, धक्का बसू द्यायचा नाही.

"गुडघ्याने दार रेटलेलं चालेल का?" मुदतरावांनी विचारलं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'जोर लावायचा नाही' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

आता मात्र मुदतराव घाबरले. आपण डोळ्याला पट्टी बांधून पडलेले, औषध आणायचंय, आणि बायको आत कोंडलेली. लॅच हातचं जाणार याचं दुःख होतंच, पण तिचे हाल व्हावेत असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. कुलूपवाल्याला घरी बोलावणं त्यांच्या तत्त्वात बसेना. "संध्याकाळपर्यंत येतो," असं सांगून ते स्वतःच लॅचच्या कंपनीत गेले.

खिडकीमागे एक हसऱ्या चेहऱ्याची मुलगी होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कधी कधी म्हणजे नेमकं कधी, काका?"

मुदतरावांच्या अंगावर काटा आला.

"आणि वॉरंटीत असताना का नाही आलात?"

"पुरतं बिघडायची वाट पाहत होतो."

"मग बिघडलं का पुरतं?"

"नाही."

"मग चांगलंच आहे की," मुलगी गोड हसली आणि तिने पुढच्या माणसाला बोलावलं. मुदतरावांना अपमानापेक्षा कौतुकच जास्त वाटलं. आपल्याला असं हसत हसत कधी जमलं नाही, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

काम असं झटपट निकालात निघाल्यामुळे भर दुपारीच ते घराशी पोचले. जिन्यात शिरले तर वर बायको चढत होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात वाचनालयाची दोन पुस्तकं. घर बंद करून ही बाहेर पडलीच कशी? 'थांब, मी आलो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण चढून दम लागला होता. तोवर ती दाराशी पोचली. पुस्तकं काखेत धरली, मूठ दोन बोटांनी उचलली, दाराला कमरेचा हलकासा धक्का दिला आणि किल्ली फिरवली. दार उघडलं. गुडघ्याचं कामच पडलं नाही. गुणगुणत ती आत गेली आणि दार लागलं.

मुदतराव कठड्याला धरून उभे राहिले. आधी त्यांना राग आला. फसवलं हिने मला. मग तिच्या सगळ्या हाका आठवायला लागल्या. बेल वाजवून बाहेर उभी राहिलेली ती आठवली, पावसात भिजून आलेली, जड पिशव्या घेऊन आलेली, आणि राग कुठल्या कुठे गेला. त्यांना इतकी लाज वाटली की वर जावंसंच वाटेना.

शेवटी वर जाऊन त्यांनी बेल वाजवली.

"आलात का? इतक्यात?" आतून आवाज आला. "अहो, माझ्याने नाही उघडणार. तुम्हीच उघडा बाहेरून."

किल्ली खिशात होती. मुदतरावांनी ती काढली नाही.

"आज माझ्यानेही उघडत नाहीये गं," ते म्हणाले.

मग लॅच अलगद फिरलं आणि दार उघडलं. बायको त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"जिन्यात होतात?"

"हो."

ती बाजूला सरली. ते आत आले, तरी दोघंही दाराशीच उभे.

"केव्हापासून येतं तुला?"

"पहिल्याच आठवड्यापासून. तुम्ही दुपारी झोपलात की मी जाऊन येतच होते."

"मग मला कशाला धावडवत होतीस?"

बायकोने पिशवीतली भाजी टेबलावर काढायला घेतली. त्यांच्याकडे न बघताच ती म्हणाली, "तुम्ही जेवत नव्हतात. हे लॅच बिघडलं नसतं, तर मलाच काहीतरी बिघडवावं लागलं असतं."