मीटरकाकांच्या पितळी चकत्या

मीटरकाका रोज सकाळी डांबराच्या डब्याला नमस्कार करत. डायरेक्टरांना नुसती मान हलवत.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची डांबर तपासायची प्रयोगशाळा होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी तिथे नवा केमिस्ट. डांबर किती मऊ आहे हे ठरवायची मान्य पद्धत एकच होती. त्यात सुई सोडायची आणि ती किती रुतली ते मोजायचं. काका त्याआधी दोन पितळी चकत्यांमध्ये त्याच डांबराचा पातळ थर धरत, त्यातून वीज सोडत आणि जुन्या रेडिओच्या भागांतून स्वतः जुळवलेल्या मीटरकडे पाहून आकडा सांगत. "शहाऐंशी." सुई सांगे, सत्त्याऐंशी.

"सुई टोचून विचारता रे. मीटर गोडीत विचारता," काका म्हणत.

या मीटरला टेबल मात्र नव्हतं. मुक्काम बिस्किटांच्या डब्यात, काम स्टुलावर. काकांच्या निवृत्तीला तीन महिने उरले, तसे ते अस्वस्थ झाले. "मी जाऊच्या आधी ह्येका टेबल मिळाक व्हया. नायतर माझ्या मागून भंगारवालो नेतलो."

ट्रॉम्बेहून दोन शास्त्रज्ञ भेटीला येणार असं कळलं आणि डायरेक्टरांनी मीटरचा शोध लावला. काकांनी तो सहा वर्षांपूर्वीच बनवला होता, ही किरकोळ बाब. हार आले, पेढे आले, 'आमचे संशोधन' असा फलक आला. टेबल आलं, त्यावर टेबलक्लॉथही. काका टेबलावरून हात फिरवत राहिले. ते चहाला गेल्यावर डायरेक्टर काळपट चकत्या पाहून मला म्हणाले, "शी! चमकव ना जरा."

मी कँटीनमधून चिंच-मीठ आणलं आणि चकत्या समईसारख्या लखलखीत घासल्या. धुतल्याही, पण घाईघाईत.

पाहुण्यांसमोर काका मीटरकडे बराच वेळ बघत राहिले. मग जे दिसलं तेच बोलले, "दोनशे चाळीस."

सुई म्हणाली, सत्त्याऐंशी.

"हे डांबर की श्रीखंड?" एक पाहुणा म्हणाला. डायरेक्टर सगळ्यांत मोठ्याने हसले.

काकांनी चकतीची कड हुंगली, जिभेला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो.

"मशीन बरोबर आसा," ते पाहुण्यांना म्हणाले. "चूक माझी. चकत्यो तपासूक व्हयो होत्यो."

पाहुणे पेढे खाऊन गेले. टेबल डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेलं, त्यावर फुलदाणी आली. संध्याकाळी काकांनी चकत्या गरम पाण्याने चारदा धुतल्या, कोरड्या केल्या, तेच डांबर पुन्हा मोजलं. "अठ्ठ्याऐंशी." मग हळूच म्हणाले, "मेल्या, मीठ जरा जास्त झाला."

एवढंच. त्यांनी ते कोणालाही सांगितलं नाही. मीही नाही, आणि माझ्याकडे तर सांगण्यासारखं होतं.

निवृत्तीच्या दिवशी ते बिस्किटांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. मीटर अजून माझ्याच टेबलावर आहे. डब्याच्या झाकणाच्या आत त्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'पुसावे. घासू नये.'